अल्टनची चार पानं : फिलिस श्लाफ्ली

नदीपल्याड

सेंट लुईसला येऊन मला आता एकोणीस वर्षं झाली. मिसिसिपीच्या पलीकडे इलिनॉय. नदीच्या कडेने उत्तरेला गेलं की अर्ध्यापाऊण तासात अल्टन लागतं. कड्यावर चढत गेलेलं, विटांच्या जुन्या घरांचं गाव. भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे नेतो आणि दफनभूमीतला एक उंच स्तंभ दाखवतो, एलायजा लव्हजॉयचा. हा माणूस गुलामगिरीविरुद्ध पत्र काढायचा. जमावाने त्याची तीन छपाईयंत्रं मोडली. चौथं वाचवताना ७ नोव्हेंबर १८३७ ला त्याला गोळ्या घातल्या आणि यंत्राचे तुकडे नदीत फेकले.

त्याच गावात सव्वाशे वर्षांनी आणखी एक छापणारी बाई होऊन गेली. फिलिस श्लाफ्ली. तिच्याबद्दल मी पाहुण्यांना कधी सांगत नसे, कारण तिचं नाव काढलं तरी मला राग यायचा. अमेरिकेच्या राज्यघटनेत स्त्री-पुरुष समानतेचं कलम येऊ घातलं होतं, ते हिने अडवलं, एवढंच मला माहीत होतं. राग अजून गेलेला नाही. पण मध्ये सात वर्षं मी आमच्या मंडळाचं त्रैमासिक पत्रक काढलं. दोनशे दहा प्रती, प्रत्येकीला तीन घड्या, पत्त्यांच्या चिकटपट्ट्या, पिनकोडप्रमाणे गठ्ठे. जेवणाच्या टेबलावर रात्री बारापर्यंत बोटांना शाई आणि डिंक. त्या टेबलावर बसल्यावर मला श्लाफ्लीबाई पहिल्यांदा कळायला लागल्या, आणि तेव्हापासून मी त्यांचं मिळेल ते वाचत आले.

जन्म १५ ऑगस्ट १९२४, सेंट लुईस. १५ ऑगस्ट म्हणजे कॅथलिकांचा मरियामातेच्या स्वर्गउन्नयनाचा सण. घर सनातनी कॅथलिक. वडील वेस्टिंगहाऊस कंपनीत विक्रीचं काम करायचे, महामंदीत नोकरी गेली आणि पुढची कित्येक वर्षं धड काही मिळालं नाही. आईने घर ओढलं. ती पुढे शहराच्या कलासंग्रहालयात ग्रंथपाल झाली. मुलींना सेक्रेड हार्टच्या सिस्टरांच्या शाळेत घालायचं हा आईचा हट्ट होता आणि तो तिने पुरा केला. बाईने नोकरी केल्यामुळे जे घर तगलं, त्या घरातली ही मुलगी. हे विसरून त्यांच्याबद्दल लिहिता येणार नाही.

कॉलेजला पैसे नव्हते. दुसरं महायुद्ध चालू होतं. सेंट लुईसच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी आठवड्याला ४८ तासांची नोकरी धरली, तीही बहुतेक रात्रपाळी. काम काय, तर तयार झालेल्या गोळ्या रायफलीतून आणि मशीनगनमधून झाडून तपासायच्या. सकाळी सेंट लुईसच्याच वॉशिंग्टन विद्यापीठात तास. १९४४ मध्ये पदवी, पुढच्या वर्षी रॅडक्लिफमधून राज्यशास्त्रात एम. ए. मग थोडे दिवस राजधानीत, परत सेंट लुईस, एका उमेदवाराची निवडणूक मोहीम, बँकेत नोकरी.

१९४९ मध्ये लग्न. फ्रेड श्लाफ्ली पंधरा वर्षांनी मोठे, अल्टनचे सधन वकील, कट्टर कम्युनिस्टविरोधी आणि तितकेच कट्टर कॅथलिक. सहा मुलं झाली. १९५२ मध्ये त्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकीला उभ्या राहिल्या. पक्षांतर्गत फेरी जिंकल्यावर वर्तमानपत्रात फोटो आला तो एप्रन बांधून नवऱ्यासाठी न्याहारी करतानाचा. मुख्य निवडणूक हरल्या. १९७० मध्ये पुन्हा उभ्या राहिल्या, पुन्हा हरल्या. त्या वेळी प्रतिस्पर्ध्याने घरी बसून मुलं सांभाळा असं सुचवलं, तर त्यांचं प्रचारवाक्य होतं की बाईची जागा ‘हाऊस’मध्येच आहे, अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात.

आता मूळ मुद्द्यावर येते.

१९६४ चा वसंत. रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी बॅरी गोल्डवॉटरला मिळावी म्हणून त्यांनी एक पुस्तक लिहिलं, ‘अ चॉइस नॉट अॅन एको’. मोठ्या प्रकाशकाकडे त्या गेल्याच नाहीत. घरातच प्रकाशनसंस्था काढली, नाव पेर मार्केट प्रेस. पातळ कागदी बांधणी, किंमत ७५ सेंट, आणि गठ्ठ्याने घेतलं तर त्याहून कमी. खोके घरच्या गॅरेजमध्ये. त्या तेव्हा सहाव्या वेळी गरोदर होत्या. जाहिरात नाही, दुकानात मांडणी नाही. एकीने पंचवीस प्रती घ्यायच्या, शेजारणींना वाटायच्या, त्यांनी पुढे. कॅलिफोर्नियात तर कार्यकर्ते दारोदार पुस्तक देत फिरले आणि २ जूनला गोल्डवॉटरने तिथे पक्षातल्याच प्रतिस्पर्ध्यावर, रॉकफेलरवर, निसटती मात केली. वर्षभरात पुस्तकाच्या तीस लाखांवर प्रती गेल्या. गोल्डवॉटर नोव्हेंबरात सपाटून हरला, सहा राज्यं आणि ५२ निर्वाचक मतं विरुद्ध ४८६. पण गावोगावच्या त्या शेजारणींचे पत्ते अल्टनमध्ये राहिले.

हे पत्तेच पुढच्या सगळ्याचं मूळ. १९६७ मध्ये रिपब्लिकन महिला महासंघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक पक्षश्रेष्ठींनी जोर लावून त्यांना हरवली. त्यांच्या बाजूच्या बायका रडत होत्या. श्लाफ्लीबाई अल्टनला परतल्या आणि ऑगस्टमध्ये स्वतःचं मासिक पत्रक सुरू केलं, ‘द फिलिस श्लाफ्ली रिपोर्ट’. चार पानं. वर्षाची वर्गणी पाच डॉलर. सुरुवातीला सुमारे तीन हजार वाचक. ते पत्रक त्यांच्या मृत्यूपर्यंत, २०१६ पर्यंत, निघत राहिलं. एकोणपन्नास वर्षं! माझं सात वर्षांत बंद पडलं.

टीव्हीवरच्या वादांत त्या केस बांधून, हसून, समोरच्याला चिडवून कशा बोलत हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझं म्हणणं आहे की त्यांना समजून घ्यायचं तर ती चार पानं बघावीत. एक विषय, लहान परिच्छेद, अधूनमधून ठळक मथळे, आमदारासमोर उभं राहून वाचून दाखवता येईल अशी भाषा. वाचणारीला पत्रक मिटल्याबरोबर काय करायचं ते कळायला हवं, अशी रचना. बाई आधी प्रकाशक होत्या, मग पुढारी.

तुम्हाला काय वाटतं? इथे इलिनॉयमध्ये त्या काळात राहिलेलं कुणी आहे का?

खडूफळा

ताई, एका दमात वाचलं. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, त्यामुळे एक प्रश्न. घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत भरघोस मतांनी मंजूर झाली होती ना? मग चार पानांनी ती अडते कशी? मधली पायरी समजली नाही.

नदीपल्याड

खडूफळा, चांगला प्रश्न. मी घाईत गाळलं ते.

समान हक्क दुरुस्तीचा (इंग्रजी आद्याक्षरांनी ‘ईआरए’) पहिला मसुदा १९२३ चा, अॅलिस पॉल यांचा. कायद्याखालच्या समान हक्कांना लिंगभेदावरून कुणी बाधा आणू नये, इतकाच तिचा गाभा. ऑक्टोबर १९७१ मध्ये प्रतिनिधीगृहात ३५४ विरुद्ध २४, मार्च १९७२ मध्ये सिनेटमध्ये ८४ विरुद्ध ८. पण तिथे घटना बदलायला तीन चतुर्थांश राज्यांच्या विधिमंडळांनी होकार द्यावा लागतो, म्हणजे ३८. हवाईने तर सिनेटच्या मतदानाच्याच दिवशी दिला. वर्षभरात ३० राज्यं झाली. सगळ्यांना वाटलं संपलं.

श्लाफ्लीबाईंना आधी या विषयात रसच नव्हता. त्यांचा विषय अण्वस्त्रं आणि संरक्षण. १९७१ च्या डिसेंबरात कनेक्टिकटमध्ये एका वादासाठी बोलावणं आलं, त्यांना संरक्षणावर बोलायचं होतं, यजमानांनी ही दुरुस्ती सुचवली आणि कागदपत्रं पाठवली. ती वाचून फेब्रुवारी १९७२ चा अंक निघाला : ‘समान हक्कां’मध्ये बायकांसाठी वाईट काय आहे? मुद्दे असे. नवऱ्याने बायकोला पोसायचं ही कायद्यातली जबाबदारी जाईल. घटस्फोटातली पोटगी, मुलांचा ताबा यांतला बाईकडचा झुकाव जाईल. आणि सक्तीच्या सैन्यभरतीत मुलींनाही जावं लागेल. व्हिएतनाम चालू होतं, लोकांच्या घरी मुलांच्या नावाची पत्रं येत होती. हा शेवटचा मुद्दा आईच्या काळजात जायचा.

काही आठवड्यांनी ओक्लाहोमातून एका वाचकबाईचा फोन आला. तिने तो अंक विधिमंडळात नेला होता आणि तिथे दुरुस्ती पडली होती. बाईंना तिथे कळलं की हे जमू शकतं. त्याच वर्षी ‘स्टॉप ईआरए’ उभी राहिली. राज्या-राज्यात एक प्रमुख, तिच्याखाली जिल्ह्याजिल्ह्यात बायका, एकीने पाच जणींना फोन करायचा. शेवटी ३५ राज्यांवर गाडी थांबली, इंडियाना शेवटचं, जानेवारी १९७७. पाच राज्यांनी तर दिलेला होकार मागे घेतला. मुदत १९७९ ची होती, ती ३० जून १९८२ पर्यंत वाढवली, तरी तीन राज्यं कमीच.

काळी_कॉफी

लेख चांगला आहे, पण मला वाटतं तुम्ही त्यांच्या कौशल्याच्या प्रेमात पडून मजकुराला सवलत देताय.

‘अ चॉइस नॉट अॅन एको’मध्ये काय आहे? न्यूयॉर्कचे मूठभर धनाढ्य गुपचूप बसून रिपब्लिकन उमेदवार ठरवतात, १९५७ मध्ये जॉर्जियाच्या एका बेटावर परदेशी बड्यांसह त्यांची गुप्त बैठक झाली, वगैरे. बैठक झाली होती हे खरं. पण तिच्यावरून सगळ्या राजकारणाचं एकच गुपित उलगडल्याचा आव आणायचा, ही सवय तिथून लागली आणि आजपर्यंत सुटलेली नाही. तीस लाख घरांत ते पोचलं. छापलेले शब्द पोचवण्याचं कसब मोठं आहे म्हणून त्या शब्दांची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते.

पोटगीचंही तेच. अनेक राज्यांत नवऱ्याने पोसण्याचा तो ‘हक्क’ संसार चालू असताना कोर्टात मागताच येत नसे. बाईला वेगळं झाल्यावरच दाद मागता यायची, आणि मंजूर झालेली पोटगी हातात पडायची मारामार. ज्या संरक्षणाची भीती घातली ते बहुतेकींकडे नव्हतंच. फ्रेड श्लाफ्लींच्या बायकोकडे होतं.

आणि इलिनॉयची एक गोष्ट राहिली. तिथे घटनादुरुस्तीला साधं बहुमत चालत नसे, तीन पंचमांश लागायचं. १९८० च्या जूनमध्ये १७७ च्या सभागृहात १०७ हवी होती, १०२ पडली. विरोधात ७१. बहुमत समानतेच्या बाजूनेच होतं, हेही नोंदवून ठेवा.

नदीपल्याड

काळी_कॉफी, पोटगीबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटतं आणि ते मी लेखातच लिहायला हवं होतं. इलिनॉयच्या आकड्यांबद्दल आभार. कसबाच्या प्रेमात पडले, हेही काही प्रमाणात खरं. पण माझ्या बाजूच्या लोकांनी त्या काळात या कसबाला कमी लेखलं आणि त्याची किंमत मोजली, असं मला मनापासून वाटतं. १९७३ मध्ये इलिनॉयच्या विद्यापीठातल्या वादात स्त्रीवादी चळवळीच्या नेत्या बेटी फ्रीडन संतापून म्हणाल्या की तुम्हाला खांबाला बांधून जाळावंसं वाटतं. श्लाफ्लीबाईंनी शांतपणे म्हटलं, बरं झालं बोललात. ते वाक्य पुढे किती वेळा छापलं गेलं असेल!

पानगळ

मी तिथे होते.

१९७८ मध्ये लग्न होऊन पुण्याहून थेट स्प्रिंगफील्डला आले, इलिनॉयची राजधानी. यांची नोकरी होती, मला कामाची परवानगी नव्हती. दिवसभर घर आणि खिडकीतून दिसणारं शेजारचं अंगण. शेजारीण पन्नाशीची, पाच मुलांची आई, दर रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जाणारी. तिनेच मला गाडी चालवायला शिकवली, तिनेच पहिल्या बाळंतपणात डाळतांदूळ कुठे मिळतात ते शोधून आणले.

विधिमंडळात मतदान असलं की तिच्या स्वयंपाकघरात आदल्या रात्री पाव भाजले जायचे. एकदा मीही मदतीला होते. पीठ फुगायला ठेवलेलं, ओट्यावर छोट्या छोट्या पावांची रांग, आणि मेणकागदात गुंडाळून प्रत्येकाला फितीने एक चिठ्ठी बांधायची. त्यावर लिहिलेलं असायचं की कमावून आणणाऱ्यांना भाजणारणींकडून. बरोबर जॅमच्या बाटल्या. सकाळी या सगळ्याजणी कॅपिटॉलमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीत, जाऊन प्रत्येक आमदाराच्या हातात पाव द्यायच्या. तिच्या फ्रीजवर चुंबकाने ते पत्रक लावलेलं असे, पेन्सिलीने खुणा केलेलं. आमदाराला भेटताना कुठला मुद्दा आधी काढायचा, त्याचे आकडे. एरवी घरात चार माणसांपुढे बोलायला लाजणारी ती बाई समितीपुढे साक्ष देऊन आली होती. कुठले कपडे घालायचे, कॅमेऱ्यापुढे कसं हसायचं हेही त्यांना शिकवलेलं असायचं.

मी तिला एकदा विचारलं, तुला तुझ्या मुलींनी नोकरी केलेली नको का? ती म्हणाली, करू देत की. पण उद्या कुणी मला विचारलं तू आयुष्यभर काय केलंस, तर ‘काही नाही’ असं उत्तर लिहिलेलं मला कायद्यात नको. मला तेव्हा त्याला उत्तर सुचलं नाही. मी स्वतः घरी बसलेली होते, आणि मला तर काम हवं होतं.

१९८२ च्या उन्हाळ्यात त्याच कॅपिटॉलमध्ये काही बायका दुरुस्तीसाठी उपोषणाला बसल्या होत्या. नुसतं पाणी, ३७ दिवस. शेवटी शेवटी त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणत. मी बाळाला घेऊन बघायला गेले होते. माझी शेजारीणही तिथेच होती, पाव घेऊन. उपोषणवाल्यांसमोरून जाताना तिने पावांवर रुमाल झाकला, हे मला लख्ख आठवतं.

खडूफळा

पानगळ काकू, अंगावर काटा आला. तुम्ही हे वेगळं सविस्तर लिहाच.

वसईचा_वारा

मी कॅथलिक, वसईचा, गावच्या धर्मग्रामात बरीच वर्षं प्रापंचिकांच्या, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या साध्या भाविकांच्या, मंडळात काम केलंय. तेव्हा या बाजूने थोडं.

पेर मार्केट म्हणजे फादर मार्केट, फ्रेंच जेज्विट धर्मगुरू. १६७३ मध्ये होडीने मिसिसिपी उतरले. अल्टनजवळच्या कड्यावर रंगवलेला भयंकर राक्षसी प्राणी पाहिल्याचं त्यांनी लिहून ठेवलंय. आपल्या घरच्या छापखान्याला हे नाव देणाऱ्या जोडप्याच्या मनात आपण काय करतोय याची कल्पना स्पष्ट होती.

दुसरं, नदीपल्याड ताई, तुमच्या लेखात १९५८ गळलं. त्या वर्षी श्लाफ्ली नवराबायको आणि नणंद एलिनॉर यांनी सेंट लुईसला कार्डिनल मिन्झेंटी प्रतिष्ठान काढलं. मिन्झेंटी हे हंगेरीचे कार्डिनल. १९४८ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी कम्युनिस्ट सरकारने पकडलं, छळ केला, खटल्याचं नाटक करून जन्मठेप दिली. १९५६ च्या उठावात सुटले, रशियन रणगाडे आले तसे बुडापेस्टच्या अमेरिकी वकिलातीत शिरले आणि तिथे पंधरा वर्षं अडकून राहिले. माझ्या आजीच्या पिढीत वसईलाही हंगेरीसाठी रोझरी म्हटली जायची, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मी हे ऐकलंय.

प्रतिष्ठानचं काम म्हणजे अभ्यासवर्ग. दहाबारा माणसं, ठरलेला पाठ, वाचून चर्चा, मग प्रत्येकाने आपला वर्ग सुरू करायचा. चर्चमध्ये काम केलेल्या कुणालाही ही पद्धत ओळखीची वाटेल, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) आणि वाडीवाडीतल्या प्रार्थनागटांची हीच. पाच जणींना फोन करायची साखळी अल्टनच्या टेबलावर आकाशातून पडली नाही, ती त्यांच्या धर्मजीवनातून आली. धर्मगुरूची वाट न बघता प्रापंचिक बाईने उभं राहायचं, ही त्यांची खरी ताकद, आणि याबद्दल मला आदर आहे. शिवाय त्या काळात कॅथलिक आणि बाप्टिस्ट एकमेकांच्या उंबऱ्याला शिवत नसत. त्यांनी कॅथलिक, इव्हँजेलिकल, मॉर्मन, सनातनी ज्यू बायकांना एका बसमध्ये बसवलं.

पण एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. त्यांचं राजकारण म्हणजे कॅथलिक श्रद्धा, असं कुणी समजू नये. अणुबॉम्ब ही शहाण्या देवाने आमच्या देशाला दिलेली देणगी आहे, अशा अर्थाचं त्या जाहीरपणे बोलल्या होत्या. १९८३ मध्ये अमेरिकेच्याच बिशपांनी शांततेवर मोठं परिपत्रक काढून अण्वस्त्रस्पर्धेचा धिक्कार केला. आणि पानगळ काकूंनी ज्या उपोषणाचं सांगितलं, त्यात सिस्टर मॉरीन फीडलर होत्या, कॅथलिक धर्मभगिनी. त्या कॅपिटॉलमध्ये पाव घेतलेली बाईही रविवारी मिस्सेला जाणारी आणि उपाशी बसलेली सिस्टरही. हे चित्र मला झोपू देणार नाही.

नदीपल्याड

वसईचा_वारा, मिन्झेंटी गळले ही माझी मोठी चूक. अभ्यासवर्ग आणि फोनची साखळी यांचा संबंध मी कधी जोडलाच नव्हता. मी कागदाकडेच बघत राहिले.

जुनी_सही

एक वेगळा मुद्दा. ‘बायकांनी घरी राहावं म्हणणारी बाई स्वतः देशभर हिंडली’ हा आक्षेप येणारच, म्हणून आधीच लिहितो. सभेच्या सुरुवातीला त्या म्हणायच्या, मला येऊ दिल्याबद्दल फ्रेडचे आभार, आणि विरोधक चिडतात म्हणून मी हे मुद्दाम म्हणते असंही सांगायच्या. पन्नाशीनंतर कायद्याला प्रवेश घेतला, १९७८ मध्ये पदवी घेतली. त्यांनी बायकांना ‘काम करू नका’ असं सांगितलं नाही, ‘घर आधी’ सांगितलं, असा त्यांचा बचाव असे.

मला तो बचाव पुरेसा वाटत नाही. घरात मदतनीस, नवऱ्याची वकिली, मोठं घर. हे नसताना ‘घर आधी’ म्हणजे काय ते पानगळ काकूंना विचारा. त्यांच्या स्वतःच्या आईलाही हे परवडलं नव्हतं. मंदीत बाई कमावते म्हणून घर उभं राहतं हे ज्या मुलीने पाहिलं, तिने मोठेपणी ती गोष्ट बाजूला ठेवली, याचा मला त्रास होतो.

काळी_कॉफी

+१. आणि एक कायद्याची भर, खडूफळांच्या विद्यार्थ्यांसाठी. दुरुस्ती पडली, पण त्याच काळात सर्वोच्च न्यायालयाने घटनेत आधीच असलेल्या तरतुदींच्या, मुख्यतः चौदाव्या दुरुस्तीतल्या समान संरक्षणाच्या, आधारे एकेक भेदभावाचे कायदे मोडायला सुरुवात केली होती. १९७१ चा रीड खटला, १९७३ चा फ्रॉन्टिएरो, १९७६ चा क्रेग. दारातून येऊ दिलं नाही ते बरंचसं खिडकीतून आलं. मात्र सैन्याच्या नावनोंदणीत फक्त पुरुष असणं न्यायालयाने १९८१ मध्ये वैध ठरवलं. नंतर नेवाडा २०१७, इलिनॉय २०१८, व्हर्जिनिया २०२० असे तीन होकार आले आणि आकडा ३८ झाला, पण मुदत कधीच टळून गेल्यामुळे दुरुस्ती घटनेत छापली गेलेली नाही. इलिनॉयने होकार दिला तो श्लाफ्लीबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी!

खडूफळा

मी वाचता वाचता एका बाजूलाच गेले, थोडं अवांतर होईल. त्यांनी आपल्या सहाही मुलांना शाळेत घालण्याआधी घरीच वाचायला शिकवलं होतं. अमेरिकेत तेव्हा अख्खा शब्द चित्रासारखा ओळखायला लावायची पद्धत जोरात होती. बाईंचा आग्रह अक्षर आणि त्याचा उच्चार यांवर. पुढे १९९४ मध्ये त्यांनी यावर मुलांसाठी वाचनपुस्तकही काढलं, तेही स्वतःच.

मी पहिलीला ‘क ला काना का’ करून शिकवते, त्यामुळे मला हे लगेच भिडलं. इंग्रजी माध्यमातून आमच्याकडे आलेली मुलं शब्दाचं पहिलं अक्षर बघून उरलेला शब्द ठोकून देतात, त्यांना पुन्हा आवाजापासून सुरुवात करून द्यावी लागते. या एका बाबतीत मी शंभर टक्के त्यांच्या बाजूने. राजकारण पटत नसलं तरी हे मान्य करायला मला काही अडचण वाटत नाही.

जुनी_सही

शेवटची वर्षंही नोंदवायला हवीत. १९९२ मध्ये एका नियतकालिकाने त्यांचा थोरला मुलगा जॉन समलिंगी असल्याचं जगजाहीर केलं. त्याने आई आपल्यावर प्रेम करते असं सांगितलं, त्यांची मतं बदलली नाहीत, आणि तो पुढेही त्यांच्या कामात राहिला. फ्रेड १९९३ मध्ये गेले.

२००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली. जिथे त्या रात्रपाळी करून शिकल्या तेच विद्यापीठ. समारंभात कित्येक पदवीधर आणि प्राध्यापक पाठ फिरवून उभे राहिले.

२०१६ च्या मार्चमध्ये त्यांनी ट्रम्पना पाठिंबा दिला आणि १९७५ मध्ये स्वतः काढलेली ईगल फोरम ही संघटना दुभंगली. विरोधात गेलेल्या संचालकांमध्ये त्यांची धाकटी मुलगी होती. संस्थेचं नाव, मालमत्ता, सगळं कोर्टात गेलं. ५ सप्टेंबरला त्या वारल्या, वय ९२. सेंट लुईसच्या कॅथेड्रलमध्ये अंत्यविधी झाला, ट्रम्प येऊन बोलले. ट्रम्पच्या समर्थनाचं त्यांचं शेवटचं पुस्तक मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी बाजारात आलं.

पानगळ

३० जून १९८२ ला संध्याकाळी शेजारीण आमच्याकडे आली होती. टीव्हीवर वॉशिंग्टनमधला त्यांचा समारंभ दाखवत होते, फुगे, गाणी, श्लाफ्लीबाई हसत होत्या. तिने थोडा वेळ बघितलं आणि मला म्हणाली, आवाज कमी कर, बाळ झोपलंय. मग आम्ही दोघी मागच्या पायरीवर जाऊन बसलो. मी त्या आठवड्यात कामाच्या परवानगीचा अर्ज टाकला होता, तिला सांगितलं. तिने विचारलं, बाळाला कोण बघणार? मी म्हटलं, अजून ठरलं नाही. ती म्हणाली, मी आहे की.

पुढची तीन वर्षं तिनेच सांभाळलं. पैसे घेतले नाहीत.

वसईचा_वारा

काकू, काय बोलू.

नदीपल्याड

पानगळ काकू, परवानगी असेल तर तुमचे दोन्ही प्रतिसाद मी मूळ लेखाला जोडते. त्या पत्रकाच्या पेन्सिलीच्या खुणा कुठल्या मुद्द्यांवर होत्या, आठवतं का?

पानगळ

जोडा खुशाल. एकच आठवते. सैन्यभरतीचा परिच्छेद. त्याच्या शेजारी समासात तिने आपल्या दोन मुलींची वयं लिहिली होती, १९ आणि १७.